वाचकांचे प्रश्न : एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील इंग्लंडमधल्या छापखान्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मागे या सदरात आम्ही ‘त्या काळी पुस्तक वाचले जाई त्यापेक्षा ऐकले अधिक जाई’ असे एक वाक्य ओघात लिहून गेलो होतो. त्या वाक्यावर पुष्कळ पत्रे आली. त्यांतील सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : बहुसंख्य लोक निरक्षर होते म्हणून ते दुसऱ्याकडून वाचून घेत, एवढाच याचा अर्थ ना? मग साक्षरता वाढली तशी ही चाल आपोआप मागे पडली असणार.

निरक्षरता हे एक कारण होते, यात शंका नाही. १६४१-४२ मध्ये पार्लमेंटने गावोगावच्या प्रौढ पुरुषांकडून निष्ठेची शपथ लिहून घेतली. त्या कागदांवर सही कोणी केली आणि नुसती खूण कोणी केली, हे मोजून अभ्यासकांनी असा अंदाज बांधला आहे की त्या दशकात सुमारे ३० टक्के पुरुषांना सही करता येत होती. स्त्रियांच्या बाबतीत इतर कागदपत्रांवरून हे प्रमाण सुमारे १० टक्के निघते. मात्र या आकड्यांना एक मोठी मर्यादा आहे. त्या काळी मुलाला आधी वाचायला शिकवीत, आणि लिहिणे पुढे कधीतरी, परवडले तर. गरिबाघरचे मूल मध्यंतरीच कामाला लागे, म्हणून ज्याला सही येत नाही त्याला वाचताही येत नाही असे धरून चालता येत नाही. १६३४ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये जन्मलेला टॉमस ट्रायन मेंढ्या राखीत असे. तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षर ठाऊक नव्हते. मग त्याने एक अंकलिपी विकत घेतली आणि आज याला, उद्या त्याला विचारीत तो वाचायला शिकला. शिकवणारे स्वतःच अडखळत वाचणारे होते, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. लिहायला शिकवील असा मात्र त्या मेंढपाळांत एकही नव्हता. अखेर आपल्या मालकीच्या दोन मेंढ्यांपैकी एक देऊन त्याने एका पंगू तरुणाकडून अक्षरे गिरवायचे शिक्षण विकत घेतले. त्या माळरानावर वाचन असे हातोहात पसरत होते. ते कोणत्याही दप्तरात नोंदले जात नव्हते.

तरीही या प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्या टोकाला सापडते. ज्यांना उत्तम वाचता येत होते आणि ज्यांच्या घरी पुस्तकांना तोटा नव्हता, तेही वाचून घेत होते. यॉर्कशायरमधील हॅकनेस येथे राहणाऱ्या लेडी मार्गारेट होबी यांची १५९९ ते १६०५ या काळातील रोजनिशी उपलब्ध आहे. त्या स्वतः वाचीत, पदरचे धर्मोपदेशक रोड्स यांच्याकडून वाचून घेत आणि हातात शिवणकाम असताना कोणीतरी वाचीत असल्याच्या नोंदी करीत. लेडी ॲन क्लिफर्ड यांनी नोव्हेंबर १६१६ मध्ये केंटमधील नोल येथील वाड्यात लिहून ठेवले आहे की आपण विणकाम करीत बसलो होतो आणि रिव्हर्स व मार्श ही पदरची माणसे माँतेन या फ्रेंच लेखकाचे निबंध वाचून दाखवीत होती; ते पुस्तक जवळजवळ पंधरवडाभर चालले होते. वडिलांच्या जहागिरीवरील आपला हक्क सोडून द्यावा म्हणून याच सुमारास नवऱ्यापासून राजापर्यंत सगळ्यांचा त्यांच्यावर दबाव होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शांत दुपारीचा अर्थ थोडा निराळा लागतो. सॅम्युअल पीप्स हे आरमार खात्यातील अधिकारी तर पुस्तकवेडेच. १६६८ च्या नाताळच्या दिवशी त्यांची पत्नी रात्री दहापर्यंत एका घागऱ्याला लेस लावीत बसली होती आणि शेजारी बसून ते नोकर पोराकडून ज्युलियस सीझरचे चरित्र आणि देकार्तचे संगीतावरील पुस्तक वाचून घेत होते. दुसरे पुस्तक आपल्याला कळले नाही, अशी कबुलीही त्यांनी देऊन टाकली आहे. डोळ्यांचा त्रास वाढल्यामुळे त्यांना वाचून घेण्याची गरज वाढली हे खरे, पण त्या घरात एकमेकांना वाचून दाखवण्याची सवय त्याआधीपासूनची होती.

तात्पर्य, ही चाल निरक्षरांची नव्हती. मेणबत्ती महाग, हात कामात गुंतलेले आणि घरात नोकरमाणसांसह सतत दहा जणांचा वावर. अशा घरात एकट्याने पुस्तक घेऊन बसणे हीच गोष्ट थोडी वेगळी दिसत असणार.

प्रश्न : मोठ्याने वाचण्यावर त्या काळी कायद्याने बंदी होती, असे एके ठिकाणी वाचले. हे खरे आहे काय? वाचण्यावर बंदी समजू शकते, पण आवाजावर बंदी कशी?

खरे आहे, आणि प्रश्नातील आवाज हा शब्द नेमका आहे. आठव्या हेन्रीच्या सरकारने १५३८ मध्ये प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबलची एक मोठी प्रत सर्वांना वाचता येईल अशी ठेवण्याचा हुकूम काढला. अपेक्षा अशी की लोक येतील, नम्रपणे चार ओळी वाचतील आणि घरी जातील. घडले निराळेच. एसेक्समधील चेम्सफर्ड गावच्या काही गरीब माणसांनी वर्गणी काढून नवा करार (बायबलचा येशूविषयीचा उत्तरार्ध) विकत घेतला आणि रविवारी ते चर्चच्या मागच्या टोकाला बसून तो वाचू लागले. भोवती ऐकणाऱ्यांचे कोंडाळे जमे. त्या कोंडाळ्यात विल्यम माल्डन नावाचा एक मुलगा असे. वडील त्याला तेथून ओढून नेऊन आपल्याबरोबर लॅटिन प्रार्थना म्हणायला लावीत. ऐकू देत नाहीत ना, मग आपणच वाचायला शिकावे, असे त्या मुलाने ठरवले आणि तो शिकला. पुढे वडिलांच्या हाताखालच्या उमेदवाराबरोबर पैसे जमवून त्याने नवा करार घेतला आणि अंथरुणाच्या पेंढ्यात लपवून ठेवला. क्रुसासमोर गुडघे टेकणे योग्य की अयोग्य, यावर एका रात्री त्याचा आईशी वाद झाला. ते कळताच वडिलांनी त्याला केस धरून खेचले आणि गळ्यात दोर घातला. आई आणि भाऊ मध्ये पडले म्हणून तो वाचला. पुढे ही हकीकत त्याने स्वतःच लिहून दिली.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये बिशप बॉनर यांनी सहा बायबले ठेवली होती. जॉन पोर्टर नावाचा धिप्पाड, खणखणीत आवाजाचा तरुण तेथे येऊन वाचू लागला की मोठी गर्दी जमे. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले आणि तेथेच तो मेला. हे वृत्त जॉन फॉक्स या प्रॉटेस्टंट इतिहासकाराचे आहे. तो आपल्या पंथाच्या हुतात्म्यांची बाजू मांडणारा लेखक होता, हे विसरू नये. मात्र पोर्टरचा दोष त्याने काय वाचले हा नसून लोक त्याच्याभोवती जमत हा होता, एवढे त्या वृत्तान्तातून स्पष्ट दिसते.

१५४३ चा कायदा याच भीतीतून आला. त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. उमराव आणि प्रतिष्ठित कुटुंबप्रमुख यांना आपल्या घरात, बागेत किंवा फळबागेत कुटुंबीयांना बायबल वाचून दाखवण्याची, अथवा नोकराकडून वाचून घेण्याची मुभा होती. व्यापारी गृहस्थाने वाचावे, पण स्वतःपुरते. उमराव घराण्यातील स्त्रीनेही एकटीने वाचावे, दुसऱ्या कोणाला वाचून दाखवू नये. आणि बाकीच्या स्त्रिया, कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी, मजूर यांनी तर एकांतात वा चारचौघांत, स्वतःशी वा दुसऱ्यासाठी, मुळीच वाचू नये. पुस्तक तेच, शब्द तेच. फक्त कोणाचा आवाज कोणाच्या कानापर्यंत जाऊ द्यायचा, याची ही उतरंड. आमच्या मते त्या शतकातील वाचनाविषयी इतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही, कारण राज्यकर्त्यांना छापील पानाची भीती किती आणि त्याभोवती जमणाऱ्या मंडळींची भीती किती, हे त्यात कलमवार लिहिलेले आहे. १५४६ मध्ये सेंटबरीच्या टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्सने एक वेगळेच पुस्तक विकत घेतले आणि त्यात लिहिले की मेंढपाळांनी नवा करार वाचू नये असे झाले तेव्हा मी हे पुस्तक घेतले. देव हा आंधळेपणा दूर करो. हेन्रीच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये हा कायदा रद्द झाला.

पुढे कॅथलिक पंथाच्या राणी मेरीच्या काळात वारे पुन्हा फिरले. डर्बीची जोन वेस्ट जन्मांध होती. बाप न्हावी, तो दोरही वळीत असे. जोन त्याला दोर वळायला मदत करी आणि पायमोजे विणी. पैसा पैसा साठवून तिने नवा करार विकत घेतला, जो तिला कधीच दिसणार नव्हता. कर्जापायी तुरुंगात पडलेला जॉन हर्ट नावाचा सत्तर वर्षांचा वृद्ध तिला रोज एक अध्याय वाचून दाखवी. तो आजारी पडला की ती चर्चच्या कारकुनाकडे किंवा वाचता येणाऱ्या आणखी कोणाकडे जाई आणि गरज पडल्यास एक-दोन पेनी देई. इतक्या पैशांत कोणता अध्याय कितीदा वाचायचा, हे ती आधी ठरवून घेत असे. अशा रीतीने तिने पुष्कळ अध्याय मुखोद्गत केले. १ ऑगस्ट १५५६ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिला पाखंडी ठरवून जाळण्यात आले. हेही वृत्त फॉक्सचेच आहे. पण वाचनाचा भाव ठरवून घेणारी ही मुलगी कोणी नुसत्या कल्पनेने रचली असेल, असे आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : हे सारे श्रवण झाले. ऐकल्यावर त्या पुस्तकांवर चर्चा होत असे का, आणि झाली तर ती आपल्याला कळते कशी?

होत असे, आणि कळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे पुस्तकांचे समास. केंब्रिजचे विद्वान गेब्रिएल हार्वी यांना समासात लिहिण्याचे व्यसनच होते. रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथाची, १५५५ मध्ये बाझेल येथे छापलेली त्यांची प्रत आज अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तीत एका वादाची नोंद आहे. १५७० च्या सुमारास एसेक्समधील हिल हॉल या सर टॉमस स्मिथ यांच्या घरी मंडळी जमली होती. विषय होता हॅनिबलशी लढणारे दोन रोमन सेनापती : चढाई करणारा मार्सेलस श्रेष्ठ, की दम धरून शत्रूला थकवणारा फेबियस? मार्सेलसच्या बाजूने बोलले स्मिथ यांचे चिरंजीव, त्यांचेही नाव टॉमसच, आणि सर हम्फ्री गिल्बर्ट. फेबियसची बाजू स्वतः वृद्ध स्मिथ आणि डॉ. वॉल्टर हॅडन यांनी घेतली. हार्वी आणि इतर काही जण श्रोते होते. शेवटी मुलगा आणि गिल्बर्ट यांनी हार मानली. हार्वी लिहितात की कदाचित मार्सेलसच फेबियसला शरण गेला. हा ‘कदाचित’ आम्हाला फार आवडतो, कारण घरच्या यजमानापुढे, त्यातही जन्मदात्यापुढे, वादात हरणे कितपत स्वखुशीचे असते, हे आपण सारेच जाणतो.

हा वाद करमणुकीचा नव्हता. धाकटे स्मिथ पुढे आयर्लंडमधील आर्ड्‌स येथे वसाहत उभारायला गेले आणि १५७३ मध्ये तेथे मारले गेले. गिल्बर्ट आयर्लंडमध्ये क्रूरपणे लढून आले होते आणि १५८३ मध्ये न्यूफाउंडलंडहून परतताना समुद्रात बुडाले. चढाई की संयम, हा त्यांच्या दृष्टीने उद्याच्या मोहिमेचा प्रश्न होता. १५७७ मध्ये सम्राट रुडॉल्फ यांच्या दरबारी वकील म्हणून निघण्यापूर्वी कवी आणि दरबारी फिलिप सिडनी हेही हार्वीबरोबर लिव्हीची पहिली तीन पुस्तके राजकारणाच्या अंगाने चिकित्सा करीत वाचून गेले होते. जाणकार माणूस जवळ बसवून असे वाचन करणे हे दरबारी तयारीचे एक अंगच होते. खुद्द राणी एलिझाबेथ १० डिसेंबर १५६३ रोजी विंडसर येथे जेवणानंतर आपले शिक्षक रॉजर ॲस्कम यांच्याबरोबर डेमॉस्थेनीसचे ग्रीक भाषण वाचीत होती. त्यात एका वकिलाने परराजाकडे जाऊन केलेल्या दगाबाजीचा पाढा वाचला आहे. राज्यकर्तीला असा मजकूर आवडावा, यात नवल नाही.

चर्चेचे आणखी एक रूप लेडी ॲन क्लिफर्ड यांच्या म्हातारपणी दिसते. त्यांचे देहावसान १६७६ मध्ये झाले. अंत्यविधीच्या प्रवचनात कार्लाइलचे बिशप रेनबो यांनी सांगितले की वाचलेल्या ग्रंथांतील वचने त्या दासींकडून कागदावर उतरवून घेत आणि भिंतींना, पलंगाच्या पडद्यांना, सामानाला टाचून ठेवीत. सकाळी वेणीफणी चालू असताना त्यांतल्या एखाद्या वचनावर बाई आणि दासी बोलत. खोलीत पुस्तके फार नव्हती, पण ग्रंथालयातल्या फुलांनी ती सजलेली होती, असे बिशपांचे शब्द आहेत.

प्रश्न : वाचणारा नोकर वाचीत असेल, पण त्याला समजत असे का? की नुसता पोपट?

कवी मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण आंधळे झाले. त्यांच्या मुली त्यांना ज्या भाषांतील ग्रंथ वाचून दाखवीत त्या भाषांचे उच्चार तेवढे त्यांना शिकवले होते, अर्थ नव्हता. हे मिल्टन यांचे भाचे एडवर्ड फिलिप्स यांनी सांगितले आहे, आणि त्या मुलींना त्याचा किती जाच होई हेही. म्हणजे पोपट होते, आणि ते मुद्दाम घडवले जात. पण उलट उदाहरणही त्याच घरात आहे. १६६२ मध्ये टॉमस एलवूड नावाचा क्वेकर पंथाचा तरुण लॅटिन सुधारण्यासाठी मिल्टन यांना दुपारी वाचून दाखवायला येऊ लागला. इंग्रजी वळणाचे उच्चार परदेशी माणसाला कळणार नाहीत म्हणून मिल्टन यांनी आधी त्याचे स्वर बदलायला लावले. एलवूड लिहितो की त्यांचा कान असा तिखट होता की वाचलेले मला समजले आहे की नाही हे ते माझ्या आवाजाच्या चढउतारावरून ओळखीत, मग थांबवीत, प्रश्न विचारीत आणि अवघड जागा उलगडून दाखवीत. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा याच एलवूडने त्यांच्यासाठी चाल्फंट सेंट जाइल्स येथे घर पाहून दिले. तेथे मिल्टन यांनी ‘पॅराडाइज लॉस्ट’चे हस्तलिखित त्याच्या हाती ठेवले आणि वाचून मत सांग म्हटले. स्वर्ग हरवल्याविषयी आपण पुष्कळ सांगितले, सापडल्याविषयी काय, असे त्याने विचारले. पुढे ‘पॅराडाइज रिगेन्ड’ तयार झाले तेव्हा ते त्या प्रश्नामुळे सुचले, असे मिल्टन त्याला म्हणाले.

प्रश्न : मोठ्याने वाचण्यासाठी पुस्तकात काही सोय असे का?

विरामचिन्हे ही मुख्यतः तीच सोय होती. जॉर्ज पटनम यांच्या नावावर असलेल्या १५८९ च्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात स्वल्पविराम म्हणजे सर्वांत आखूड थांबा, अपूर्णविराम त्याच्या दुप्पट आणि पूर्णविराम म्हणजे पुरती विश्रांती, असा हिशेब दिला आहे. म्हणून त्या काळच्या पुस्तकांतील विरामचिन्हे आजच्या व्याकरणाने तपासली तर चुकीची वाटतात. ती श्वासासाठी आहेत.

प्रश्न : घरे आणि चर्चे सोडून सामान्य माणूस कुठे ऐकत असे?

गुत्त्यात. बायबलवर ‘प्रत्येक गुत्त्यात आणि दारूच्या दुकानात’ वाद आणि कवने चालतात, अशी तक्रार खुद्द हेन्रीने डिसेंबर १५४५ मध्ये पार्लमेंटपुढे केली होती. आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ च्या मासेमारीवरील पुस्तकात चांगल्या गुत्त्याची खूण म्हणून खिडकीत लव्हेंडर आणि भिंतीवर चिकटवलेली वीस कवने सांगितली आहेत. १६५० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये आणि १६५२ मध्ये लंडनमध्ये कॉफीगृह निघाले. एक पेनी दिली की तेथे बातमीपत्रे वाचायला किंवा ऐकायला मिळत. २९ डिसेंबर १६७५ रोजी दुसऱ्या चार्ल्सने ती सारी बंद करण्याचा जाहीरनामा काढला. ओरड अशी झाली की अकरा दिवसांच्या आतच त्याला माघार घ्यावी लागली.

प्रश्न : मग एकांतात, मनातल्या मनात कोणी वाचीतच नव्हते का?

वाचीत होते. कोणते पुस्तक एकट्याने वाचायचे हा निर्णय मात्र बोलका असे. पुन्हा पीप्स यांच्याकडेच जाऊ. जानेवारी १६६८ मध्ये एका दुकानात त्यांनी एक फ्रेंच पुस्तक चाळले. आधी त्यांच्या मनात ते पत्नीकडून भाषांतर करून घेण्यासाठी न्यावे असे होते, पण पाने उलटताच ते अत्यंत अश्लील आहे असे दिसले, आणि त्यांनी ते ठेवून दिले. फेब्रुवारीत ते पुन्हा त्याच दुकानात गेले आणि मुद्दाम साध्या बांधणीतली प्रत घेऊन आले. ९ फेब्रुवारीला, रविवारी, त्यांनी ते आपल्या खोलीत वाचले. नोकर पोराला बोलावले नाही, पत्नीलाही नाही. वाचून झाल्यावर, आपल्या ग्रंथसंग्रहाला लाज आणायला ते तेथे राहू नये म्हणून, त्यांनी ते जाळून टाकले.